कानडीत पांढरं, मराठीत काळं

अव्वा त्या दुखण्यातून उठली नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत कुणाला टांगून ठेवायची मला हौस नाही, आणि ती असती तर तीही म्हणाली असती, "लोकांच्या जिवाला घोर कशाला लावतीस गं? सांगून टाक की." अव्वा म्हणजे माझी आई. ती हल्याळकडची. तिच्या माहेरी आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणत, म्हणून माझ्या आणि धाकट्या नारूच्या तोंडीही तेच बसलं. आमचं घर अणशीच्या वाटेवर होतं. रानाच्या कडेला म्हणावं, तर तिथं रानाला कडाच नव्हती. अंगणाला लागून भात, भातापलीकडे झाडी, आणि पहाटे झाडीत भेकर ओरडलं की आत्ती चुलीपाशी पुटपुटायची, "उठला बाई ह्यो. आता आमीबी उठतो." आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घर तिच्याच हातात. अव्वानं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. ती म्हणायची, "चूल तिची, हसनं माझं. वाटनी झालीया आमची."

आमच्या घरातलं बोलणं म्हणजे खतखतं होतं, हाताला लागेल ती भाजी घातलेलं. त्यात मराठी पुष्कळ, शेजारच्या कुणब्यांची कोकणी बरीच, आणि कानडी चिमूटभर. अव्वा नवी नवरी होऊन आली तेव्हा घडाघडा कानडी बोलायची म्हणे, पण तिथं तिच्याशी कानडी बोलणार कोण? हळूहळू ते तिच्या जिभेवरून उतरून गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. आत्तीला कानडीतला एकच शब्द यायचा, 'बा', म्हणजे ये, आणि तोही ती कोंबड्यांना बोलवायला वापरायची. अप्पांचं कानडी बाजारापुरतं. बैल घ्यायला ते हल्याळला जात आणि परत आले की अव्वा त्यांना धरायची. "काय बोललासा बैलासंगं?" "बैलासंगं न्हाई, मालकासंगं." "मग बैलालाच कळलं असंल तुमचं कानडी." अप्पा मिशीत हसायचे आणि पडवीत जाऊन घुमट काढायचे. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला घोरपडीचं कातडं ताणून बसवलेलं. अप्पांना दुसरी कुठली चैन नव्हती. चुलीच्या धगीवर कातडं तापवायचं, बोटांनी टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा तापवायचं. आत्ती करवादायची, "भात करू का तुझं मडकं भाजू?"

अप्पांचं घुमट, तशी अव्वाची हुमाणं. हुमाण म्हणजे कोडं. आमच्याकडं गोव्याच्या वाऱ्यानं माशाच्या कालवणाला हुमण म्हणायचे, त्यामुळं अप्पा शेतातून येऊन "आज हुमण हाय काय?" म्हणाले की अव्वा म्हणायची, "हाय की," आणि एक हुमाण घालायची. ही तिची स्वतःची असायची, कुणाकडून ऐकलेली नव्हेत. "घरात दोन चुली. एक विझती, एक विझत न्हाई." हे आत्तीवर. आत्तीला ते सुटलं तेव्हा ती दोन दिवस फुगून होती, आणि मग स्वतःच शेजारणींना सांगत सुटली. आमच्याकडं रीत अशी की हुमाण सुटलं नाही तर हरणाऱ्यानं गाव द्यायचं. "घे, जोयडा दिला." मग घालणारी म्हणणार, "जोयड्याला गेले, तिथलं पानी प्याले, उत्तर घेऊन आले," आणि उत्तर सांगणार. अव्वानं असा सगळा मुलूख जिंकला होता. जोयडा तिचा, अणशी तिची, बाजारकुणंग तर नारूनं इतक्या वेळा दिलं की ती म्हणायची, "ते माझंच हाय रं, दुसरं दे." सुपंही तिचंच. ते पुढं धरणाच्या पाण्यात गेलं. ती बातमी कानावर आली तेव्हा मी पिकल्या केसांची म्हातारी होते, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं की बिचारीचं एक गाव गेलं. या खेळात एक मात्र पाळायचं होतं, आपलं राहतं गाव कुणी द्यायचं नाही. दिलं तर राहायचं कुठं?

हिवताप आमच्या मुलखात घराघरात. यायचा, हुडहुडी भरवायचा, घाम काढून जायचा. कोयनेलच्या गोळ्या खाऊन कानात गुणगुण व्हायची आणि माणूस पुन्हा शेतावर. अव्वाचा ताप मात्र जाईना. डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, मग पाय सुजले, मग पोट. भाताची कापणी आली तोवर ती पडवीतल्या बाजल्यावरच होती. पाय बघून ती नारूला म्हणाली, "हत्ती बघाया आता रानात कशाला जायाचं?" नारू हसला, आणि आत्ती पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवसांतलं मला सगळ्यात आठवतं ते म्हणजे घरातला दबका आवाज. शेजारणी यायच्या, बाजल्यापाशी बसून च्‌च्‌ करायच्या आणि उठून जायच्या. आत्ती भांडीसुद्धा हळू ठेवायची. अप्पांनी घुमट खुंटीला टांगलं, आणि त्यावर कोळी जाळं विणू लागला. अव्वाला दुखण्यापेक्षा याचाच त्रास होता. एकदा ती मोठ्यानं म्हणाली, "मी अजून हाय की हितं! मी असताना असं बसलाय, मी न्हसताना काय करनार?" घर आपल्या आधीच मरून जाईल, हीच तिची धास्ती होती. हे मला आज कळतं, तेव्हा फक्त तिच्या आवाजाची भीती वाटली.

मग अप्पा एक दिवस गाडी जोडून सुप्याला गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर धारवाडकडचे, कामानिमित्त सुप्यात मुक्कामाला असलेले. त्यांना मराठी कळायचं, पण जीभ वळायची नाही. त्यांनी कानडीत काहीतरी विचारलं, आणि बाजल्यावरून अव्वानं तसंच घडाघडा उत्तर दिलं. आम्ही बघतच राहिलो. आमच्या डोळ्यांदेखत ती कुणीतरी दुसरीच झाली, माहेरी गेलेली पोर. डॉक्टरही खूश झाले, खुर्ची नव्हती तर उखळावरच बसले. त्यांनी पोट दाबलं, डोळे बघितले, बराच वेळ नाडी धरली. अप्पा बाहेर बैलांना पेंढा टाकत होते. बाजल्यापाशी आत्ती होती, आणि मी हात धुवायच्या पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर. हात धुता धुता डॉक्टर अव्वाकडं न बघता हळूच म्हणाले, "इन्न बरी हालु. मुंद देवरु."

आत्तीच्या कानाला काय लागलं, तर 'बरी', 'हाल' आणि 'देवरु'. तेवढं तिला पुष्कळ झालं. ती तडक अंगणात गेली. "बरी म्हनाला गं बाई, बरी! हाल सरलं, म्होरं देव हाय!" शेजारच्या कुणबिणी धावल्या, नारू उड्या मारायला लागला, कुणीतरी आनंदानं कोंबड्यांनाच हुसकलं. डॉक्टर गोंधळून बाहेर बघत राहिले आणि पिशवी उचलून गाडीत जाऊन बसले. अप्पा त्यांना सोडायला निघाले. आत्ती धापा टाकत परत आत आली आणि अव्वाच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "व्हय न्हवं? बरी म्हनाला न्हवं गं?" अव्वानं तिच्याकडं बघितलं. आत्तीचं ते सुरकुतलेलं तोंड त्या दिवशी लहान मुलीसारखं झालं होतं. मग अव्वा हसायला लागली. सुजलेलं पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "व्हय," म्हणाली, "बरी म्हनाला. दूध तेवढं प्याला सांगितलंय. सूज उतरंपतोर भात-भाकरी काय न्हाई, मीठ न्हाई."

अप्पा दिवे लागायच्या सुमाराला परतले. आत्तीनं त्यांना गोठ्यातच गाठून सगळं सांगितलं. अप्पांना त्या दिवशी पाय धुवायला फार वेळ लागला. मग ते पडवीत आले, बाजल्यावर हसत असलेल्या अव्वाकडं त्यांनी बघितलं, आणि खुंटीवरचं घुमट काढून त्यावरचं जाळं पुसलं.

तिथपासून शिमग्यापर्यंतचे दिवस मला विचाराल तर माझ्या लहानपणातले सगळ्यात मजेचे. आजारपणाला मजा म्हणते म्हणून कुणी नावं ठेवली तर ठेवोत. अव्वाला फक्त दूध, पण तिनं हुकूम काढला की सगळ्यांनी तिच्या बाजल्याभोवतीच जेवायला बसायचं, आणि पानात काय आहे ते हुमाणात सांगायचं. तिनं ओळखलं की तिला ते खाल्ल्यासारखं. आम्हाला कुठली तिच्यासारखी हुमाणं जमायला! नारू म्हणायचा, "गोल हाय, भोकं हायत, आत्तीनं केलंय." "आंबोळी," अव्वा म्हणायची, "नि एका अंगानं करपलीया, वास आलाय मला." मी एकदा घातलं, "मातीत पुरलेला म्हातारा, अंगभर केस, पोट कापलं तर पांढरं." ती चटकन म्हणाली, "कोन! वाटप खोबऱ्याचं घातलंय का न्हाई?" रानातला कोन नावाचा कंद उकडून केलेली भाजी तिला फार आवडायची. घातलंय म्हटल्यावर डोळे मिटून पडून राहिली आणि म्हणाली, "जरा जास्तच झालंय खोबरं." शेजारणी च्‌च्‌ करायचं विसरल्या. भात सडायचं काम त्या आमच्याच पडवीत आणू लागल्या, मुसळाच्या ठोक्यावर अप्पांची बोटं घुमटावर चालायची, आणि अव्वा ज्या-त्या बाईवर हुमाण घालायची. ताप चढला की मात्र भिंतीकडं तोंड करून गप पडायची. तेव्हा अप्पा घुमट थांबवत नसत, हळू करत.

एका संध्याकाळी तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, "आता एक चांगलं घालते." मग सावकाश, शब्द मोजून टाकावेत तशी बोलली, "कानडीत पांढरं, मराठीत काळं. दोगंबी काढत्यात. कानडी काढून पितो, मराठी काढून गप बसतो. सांगा काय?"

"न्हंय!" नारू ओरडला. न्हंय म्हणजे नदी. सुप्याला काळी आणि पांढरी या दोन नद्या मिळायच्या, त्यामुळं उत्तर त्याला सोपं वाटलं.

"न्हंय काढत्यात व्हय रं?"

"ताडी," आत्ती म्हणाली.

"मराठी मानूस ताडी काढून गप बसतोय? कुठल्या गावात, मला दाव की." पडवीभर हसू झालं. मी विहिरीचं पाणी म्हटलं, तेही नाही. अप्पा खाली मान घालून घुमटाची दोरी आवळत होते. "तुमी बोला की," अव्वा म्हणाली.

"बैल," अप्पा म्हणाले.

"ह्येंना सगळीकडं बैलच दिसतोय! बैल काढून पित्यात व्हय?" तिला हसून खोकला आला. आम्ही हरलो म्हणून गावं देऊ केली. तिनं एकही घेतलं नाही. "ह्याला गाव चालत न्हाई. ह्येचं उत्तर माझ्यासंगं ऱ्हाऊदे. तुला कानडी सासर मिळालं तर सुटंल बग," असं माझ्याकडं बघून म्हणाली. तेव्हा अप्पांनी दोरी खाली ठेवली. "आमचंच गाव देतो. घे." राहतं गाव कुणी देत नसे. अव्वानं विचारलं, "मग तुमी ऱ्हानार कुठं?" "तुझ्या गावात, तुझं कूळ म्हनून." ती लाजली. सुजलेल्या, पिवळ्या पडलेल्या माझ्या आईला मी तेव्हा लाजताना बघितलं. "गाव घेतलं," ती म्हणाली, "पर उत्तर न्हाई द्यायची."

शिमग्याला खेळे आले. डोक्याला अबोलीच्या माळा, गळ्यात घुमटं, अंगणाअंगणातून नाचत. आमच्याकडं ज्या घरात माणूस फार आजारी असेल तिथं खेळे वाजवत नसत, दारात नारळ ठेवून पुढं जात. आमच्या कुंपणाशी आले आणि सगळी घुमटं एकदम थांबली. मला अजून ती शांतता ऐकू येते. पडवीतून अव्वा ओरडली, इतका आवाज तिच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं, "का रं? हात मोडलं काय तुमचं?"

पुढचा खेळ्या चाचरला. "वयनी, तुमी आजारी. रीत न्हाई..."

"डाक्टरानं बरी म्हनून सांगितलंय! आत्तीला इचारा."

आत्ती कमरेला पदर खोचून पायरीवर आली. "व्हय रं बाबांनो, माज्या ह्या कानानं ऐकलंय! वाजवा!" आत्तीच्या तोंडावर संशयाचा लवलेश नव्हता, आणि तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती. खेळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि घुमटं वाजू लागली. अप्पांनी आपलं घुमट गळ्यात घातलं आणि अंगणात उतरले. शेणानं सारवलेल्या त्या अंगणात इतकी धूळ मी पुन्हा कधी उडालेली बघितली नाही. अव्वा उशीला टेकून बाजल्याच्या दांडीवर बोटांनी ताल धरत होती, आणि तिचा ताल एकदाही चुकला नाही.

करवंदं पिकायच्या आधी ती गेली. आत्ती सकाळी दुधाचा पेला घेऊन गेली आणि तो तसाच भरलेला परत घेऊन आली. आम्ही रडलो, पोटभर रडलो. पण ते रडणं तेव्हाचं तेव्हा झालं, आधी कुणी रडून ठेवलेलं नव्हतं. आत्ती मात्र पुढं कितीतरी वर्षं त्या डॉक्टरांना शिव्या देत होती. "बरी म्हनाला नि फसवलं मेल्यानं!" बिचारे डॉक्टर.

माझं लग्न हल्याळातच झालं. सासरी अर्धं बोलणं कानडीत, त्यामुळं हालु म्हणजे दूध, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण शब्द कळला म्हणून सगळं कळतं असं नाही. पहिली मुलगी झाल्यावर एका सकाळी शेजारची कानडी बाई तिला बघायला आली, आणि बाळ काय खातं म्हणून विचारलं. सासूबाई चुलीपाशी बसून सहज म्हणाल्या, "इन्नू सण्णदु. बरी हालु." अजून लहान आहे, नुसतं दूध. माझ्या हातातून झारा खाली पडला. कानडीत बरी म्हणजे नुसतं. इन्न बरी हालु, आता नुसतं दूध. मुंद देवरु, पुढं देव. डॉक्टरांनी फसवलं नव्हतं, आणि अव्वाला सगळं कळलं होतं, त्याच क्षणी, आत्ती तिच्या तोंडाशी वाकली होती तेव्हा. कानडीत पांढरं, मराठीत काळं. हालु आणि हाल. कानडी माणूस काढून पितो, मराठी माणूस काढून गप बसतो. ती आमच्यासमोर बसून आम्हाला सगळं सांगत होती, आणि आम्ही नदी म्हणत होतो, ताडी म्हणत होतो. मी भिंतीला टेकून रडले, आणि रडता रडता हसले. सासूबाईंना वाटलं, बाळंतवारा लागला.

बाळाला घेऊन माहेरी गेले तेव्हा अप्पा पडवीत घुमटाला नवं कातडं चढवत होते. मी जवळ बसले. "अप्पा, अव्वाचं हुमाण सुटलं. हाल."

त्यांचा हात थांबला, पण आश्चर्य काही दिसलं नाही. तेव्हा मला ते पाय धुणं आठवलं. "तुमाला ठाऊक होतं?"

"गाडीतच सांगितलं डाक्टरानं," अप्पा म्हणाले. "दुधावर जितकं निघतील तितकं दीस, म्हनाला. घरात आलो, तर आत्ती नाचाय लागलेली नि तुझी अव्वा हसतीया. मी काय बोलनार?"

"मग हुमाण सोडवायचं की."

"सोडवलं असतं तर तिला कळलं असतं की मला ठाऊक हाय. ती माज्यासाठी रडली असती, मी तिच्यासाठी. हसाया कोन उरलं असतं घरात?"

तेवढ्यात आतून आत्तीची हाक आली. आता तिला जेमतेमच ऐकू यायचं. "पोरीला काय देऊ गं? पेज चालंल?"

"नको आत्ती," मी ओरडून सांगितलं, "अजून बरी हालु!"

"बरी हाय न्हवं? मग झालं!" आत्ती म्हणाली, आणि आम्ही दोघं बापलेक तोंडावर हात धरून हसलो. हसू सरलं तरी अप्पा घुमटाकडं वळले नाहीत. समोर अंगण होतं, त्यापलीकडं भात आणि मग झाडी. ते तिकडं बघत राहिले.

"हरलो न्हवतो मी," ते म्हणाले. "तरीबी गाव दिलं. अजून तिच्याच गावात ऱ्हातोय न्हवं?"